अळवातले निळे दाणे

बाळांनो, जरा डोळे मिटा. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातलं एक घर बघा. मोरीचं पाणी चरातून मागच्या परड्यात जातं आणि त्यावर अळू माजलाय. आता अळवाच्या बुडाशी वाकून बघा. चिखलात खसखशीएवढे निळे दाणे दिसतात का?

दहा वर्षांच्या सोनमला ते २००६ साली दिसले. तिनं आईला हाक मारली. आईला सगळी गल्ली आक्का म्हणायची, सोनमसुद्धा.

आक्कानं दाणे बघितले आणि तिचा चेहरा उतरला. "उसाच्या किडीला टाकायचं दाण्याचं इखारी औषध हाय ह्ये. शेजारच्या सयाजीचंच काम. गेल्या म्हयन्यात नळावरनं भांडान झालतं न्हवं?"

"सयाजीकाका असं न्हाई करायचे."

"तू गप. इख कालवून वर गोड बोलत्यात माणसं. उद्यापासनं त्याच्या सायकलवर बसायचं न्हाई. आयतवारी चार माणसांत इचारतेच त्याला."

सयाजीकाका सोनमला रोज शाळेत सोडत. दुसऱ्या दिवशी दारात सायकलची घंटी वाजली. सोनम मान खाली घालून पुढं चालत गेली.

"काय गं सोने, रुसलीस व्हय?" काकांनी मागून विचारलं.

तिनं भराभर पावलं उचलली. संध्याकाळी काका कुंपणावरून डोकावताना दिसले आणि ती दाराआड सरकली. मग कळलं, ते आपल्या दोडक्याचा वेल बघत होते. संशय असाच असतो. एकदा घरात शिरला की साधं बघणंही चोरटं वाटतं.

शनिवारी थोरली बहीण शिवानी मोरीत तोंड धूत होती. फेस वाहून गेला आणि फरशीवर निळे दाणे राहिले.

"ताई, ह्ये काय?"

"स्क्रब. मळ निघतोय त्यानं. दाणं पाण्यात इरघळत्यात."

"कुणी सांगितलं?"

"दुकानदारानं. जा की! पोलिसागत काय इचारतीस?"

सोनमनं तीन वाट्या घेतल्या. एकीत मीठ, एकीत साखर, एकीत ताईचं स्क्रब. तिन्हीत पाणी ओतून हलवलं. सकाळी मीठ नव्हतं, साखर नव्हती. निळे दाणे मात्र वर तरंगत होते. गरम पाणी घातलं, तरी तसेच. नखानं दाबला तर दाणा चिवट, फुटक्या बादलीच्या तुकड्यासारखा. प्लॅस्टिकच ते! अळवाच्या मुळांनी थोडे अडवले होते. बाकी सगळ्या घरांतले गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून पंचगंगेला गेले असणार. हे खाणं नव्हे, असं माशाला कोण सांगणार?

त्याच रविवारी आक्कानं बोलावलेली चार माणसं अंगणात जमली. सयाजीकाका सायकल भिंतीला टेकवून उभे राहिले. आक्कानं तोंड उघडलं.

तेवढ्यात सोनम पुढं झाली. तिनं आक्काचा एक तळवा उघडला, त्यावर चिखलातले दाणे ठेवले. दुसऱ्या तळव्यावर ताईचं स्क्रब पिळलं आणि वर तांब्यातलं पाणी सोडलं. दोन्ही तळव्यांवर तेच निळे दाणे राहिले. आक्का बघतच राहिली.

मग सोनम भिंतीपाशी गेली आणि काकांच्या सायकलच्या कॅरिअरवर चढून बसली.