बिनऔषधाचा दिवस

"तिथूनच सांग," इस्मत-अका म्हणाले.

मी काही बोलायच्या आधीच त्यांनी अंतर धरलं होतं. फाटकापाशी आलेच नाहीत. रस्त्याकडेच्या पाटाच्या पलीकडल्या काठावर, हात मागे बांधून उभे राहिले.

"मुंग्या लागल्यात, अका. किड्यांना."

"काळ्या की तांबड्या?"

"बारीक, तांबूस. पहाटेच्या नमाजानंतर पाला घालायला गेले, तर खालच्या मांडणीवर रेघच लागलेली. वीस-पंचवीस किडे गेले."

"कितवी झोप झाली?"

"मोठी. परवाच उठलेत."

मोठ्या झोपेतून उठलेले रेशमाचे किडे आठवडाभर नुसते खातात आणि मग कोष विणायला लागतात. त्या आठवड्यात गेलेलं पुन्हा हाती लागत नाही, हे आमच्या मर्गिलान शहराच्या आसपास शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी त्यांना बोलावलं खरं, पण मलाच माझी लाज वाटत होती. कारण आमच्या वस्तीत वर्षाचे अकरा महिने ज्यांच्यावाचून कुणाचं चालत नसे, ते इस्मत-अका तुतीच्या महिन्यात कुणालाच दारात नको असत.

त्यांचं काम औषध मारायचं. तरुणपणी सरकारी आरोग्यखात्यात फवारणीला होते, ते खातं आटोपलं तशी त्यांनी सायकलला पंप बांधला. कुणाच्या गाद्यांत ढेकूण, कुणाच्या गोठ्यात गोचीड, कुणाच्या तंदुरामागे विंचू, बटाट्यावर पट्ट्यापट्ट्यांचे भुंगे, धान्याच्या खोलीत उंदीर. शहर संपून शेतं सुरू होतात तिथली आमची घरं. एका भिंतीआड माणसं, दुसरीआड गाय. जीवजंतू दोन्हीकडचे येतात. प्रत्येक घराचं कपाट इस्मत-अकांनी भिंतीपासून ओढून पाहिलेलं. कुणी कपाटामागे काय दडवलंय ते त्यांना माहीत, पण त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नाही.

तुतीला पालवी फुटली आणि किड्यांच्या अंड्यांची खोकी घरोघर आली, की ते पंप कुलपात ठेवत. औषधाच्या नुसत्या वासानं किडा मान टाकतो. त्यांची बायको रोहात दर वर्षी किडे पाळायची, म्हणून तो महिनाभर अका स्वतःच्या घरातही जात नसत. अंगणात द्राक्षवेलाखाली लाकडी बाज होती, तिच्यावर झोपत. रोहात भिंतीवर चहाचं कटोरं ठेवायची आणि मागे सरायची, मग हे पुढे होऊन उचलायचे. बायका तिला चिडवायच्या, "काय गं, नवऱ्यापेक्षा किडे लाडके?" ती म्हणायची, "किडे महिन्यात कामाला लागतात, नवऱ्याला तीस वर्षं लागली."

ती जाऊन दोन हिवाळे झाले होते. माझ्या वाहिदचे वडील गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात.

वाहिद ताश्कंदला असतो. वडिलांच्या चाळिसाव्या दिवसानंतर तो म्हणाला होता, "आई, एकटीनं किडे, गाय, बाग, होणार आहे का तुला? यंदा करून बघ. नाही निभलं तर घराला कुलूप लावू, तू माझ्याकडे ये." प्रेमानंच म्हणाला, देव त्याचं भलं करो. पण पाचव्या मजल्यावरच्या त्या खोल्यांत सकाळी खिडकी उघडली की समोर दुसरी खिडकीच दिसते. इथं मी पहाटे उठते, वजू करते, नमाज पढते आणि अंगणात येऊन जपमाळेचे शंभर मणी नुसत्या आभाराचे ओढते. कोंबड्यांचे आभार, पाण्याचे, चुलीचे. आभार मानायला समोर काही दिसावं लागतं. ते घर माझं राहणार की नाही, हे त्या दिवशी तांबूस मुंग्यांच्या एका रेघेवर येऊन ठेपलं होतं.

"औषध नाही चालायचं," अका शेवटी म्हणाले.

"माहीत आहे, अका. म्हणून तर..."

"म्हणून तर औषधवाल्याला बोलावलंस." ते हसले. "थांब. हमामात जाऊन येतो. दोनदा अंग घासतो. पण कपड्यांचं काय? माझ्या कपाटात तेहेतीस वर्षांचा वास आहे. कोणाचे तरी दे."

कोणाचे म्हणजे कोणाचे, ते दोघांनाही कळलं. माझ्या घरात पुरुषाचे कपडे एकाचेच होते.

ती पेटी मी चाळिसाव्यापासून उघडली नव्हती. उघडली, बिस्मिल्ला म्हटलं आणि वरचाच पांढरा सदरा काढला. छातीवरचं एक बटण तुटलेलं. माझंच लावायचं राहिलं होतं. सदरा, विजार आणि टोपी फाटकाच्या खुंटीला अडकवून मी मागे सरले, रोहात सरायची तशी.

दोन तासांनी ते आले ते ओळखू येईनात. कातडी घासून घासून लाल झालेली, सदरा खांद्यांत तंग. पायात काही नाही. मी चहा विचारला. म्हणाले, "आज गुरुवार, तुझा रोजा असणार. मी एकटा काय चघळत बसू?"

आत मात्र ते आले नाहीत. दाराबाहेर उकिडवे बसले आणि मला सांगत गेले. मांडणीच्या प्रत्येक पायाखाली पाण्याचं वाडगं. खालचा पाला काढून नवा. जमिनीवरची मुंग्यांची वाट ओल्या मातीनं सारवून पुसून टाक. केरसुणी नको, झाडलेली मुंगी परत येते. मी तसं करत गेले. ते बाहेरून भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून, मुंग्यांचा माग काढत होते. वाळलेल्या वेलीच्या बुंध्यापासून भिंतीची फट, फटीतून आत.

इतक्यात शेजारच्या सल्तनत-खालांचं डोकं भिंतीवर उगवलं.

"अगं बाई झुलैखो! विषाचा डबा घरात घेतलास?"

"अंघोळ करून आलेत, खाला."

"अंघोळीनं काय होतंय! याच्या घामात विष आहे. याला डास चावला तर डास मरतो."

"खरंय, खाला," भिंतीला गाल तसाच ठेवून अका म्हणाले. "तुमच्या गादीतल्या ढेकणांनी सांगितलं का?"

खालांचं डोकं खाली गेलं.

मग अका माझ्याकडे वळले. आवाज उतरवला. "झुलैखो, ही मुंगी किड्यासाठी आलेली नाही. ही गोडाची मुंगी. आधी गोडाला आली, मग तिला किडे सापडले. आत गोड काय आहे?"

मी पाला सारखा करायला लागले.

कसं बोलणार? पहिल्या दिवशी मांडण्या उभ्या केल्या, तेव्हा सल्तनत-खालांनी सांगितलं होतं, लग्नाच्या ताटातली खडीसाखर मांडणीखाली ठेव, कोष पांढरेशुभ्र होतात, माझ्या सासूनं ठेवलेली, तिच्या सासूनं ठेवलेली. वाहिदच्या लग्नातला खडा माझ्याकडे होता. मी तो फडक्यात बांधून मांडणीखालच्या विटेमागे सरकवला. दिवसातून पाच वेळा ज्याच्यापुढे वाकते त्याच्यावर सोडायचं, ते मी साखरेच्या खड्यावर सोडलं. आणि हे कुणी, तर वस्तीतल्या पोरींना कुराण वाचायला शिकवणारी बाई! किडे मेल्याहून तेच जास्त जळत होतं.

अकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग उठले. अंगणाकडे वळून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"असेल काहीतरी," ते द्राक्षवेलाला म्हणाले. "ज्याच्या घरात ते त्यालाच सापडतं. सापडलं की मागे आणून ठेव. मी काही बघत नाही."

मी आत गेले. फडकं काढलं तर ते हलत होतं, एवढ्या मुंग्या. ताटलीत घालून त्यांच्या पाठीमागे ठेवलं आणि आत जाऊन दार लोटलं. बाहेर आले तेव्हा फडकं नव्हतं. खडा अंगणातल्या खलबत्त्यात कुटून झाला होता आणि भुगा मातीच्या ताटलीत होता.

"यांनाच कामाला लावू," ते म्हणाले.

आणि मग जे झालं त्यात सांगण्यासारखं काही नाही, कारण ते दुपारभर चाललं आणि अका नुसते बसले होते. फटीपासून वीतभर अंतरावर साखरेची चिमूट ठेवायची. मुंग्या जमेपर्यंत थांबायचं. मग आणखी वीतभर पुढे दुसरी चिमूट. मागची वाट ओल्या फडक्यानं पुसायची. फट मातीनं लिंपायची. पुन्हा चिमूट. भिंतीकडून जर्दाळूच्या बुंध्याकडे, तिथून कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून पाटाकडे. उन्हं फिरली तसे ते सावलीसाठीही सरकले नाहीत. मुंगी जाईल तिकडे सरकत होते.

"आयुष्यभर मारल्या," एकदा म्हणाले. "सोबत चालायला आजच मिळालं."

मी मधूनमधून पाला घालत होते आणि खालच्या मांडणीकडे बघत होते. दुपारच्या नमाजाला पाच-सहा मुंग्या दिसल्या. तिसऱ्या प्रहराच्या नमाजाला दोन. त्यानंतर बिस्मिल्ला म्हणत पाला उचलून पाहिला. एकही नव्हती. वाडग्यांतलं पाणी स्वच्छ.

दारात आले तर सल्तनत-खाला पुन्हा भिंतीवर. या वेळी हातात गरम नानची टोपली.

"कुठून आल्या होत्या रे इस्मत?"

मी अकांकडे पाहिलं.

"भिंतीतून," ते म्हणाले. "वेल वाळलीय ना, मुळं पोकळ झाली. तुमच्याही वेलीकडे बघून ठेवा, खाला. आणि मांडणीजवळ काही खाऊबिऊ ठेवला असेल तर काढा. पोरं ठेवतात."

खालांच्या घरात पोरं नव्हती. त्या लगबगीनं खाली उतरल्या.

"अका, देव तुम्हाला..." मी म्हटलं.

ते पायाला लागलेली माती चोळत होते. मग वर न बघता म्हणाले, "एक मागू का? नको वाटलं तर नको म्हण."

"मागा."

"रोहात म्हणायची, मोठ्या झोपेनंतर त्यांचं खाणं ऐकू येतं. एकतीस वर्षं म्हणायची. मला वाटायचं, बायका काहीही सांगतात. मी कधी आत गेलोच नाही ना."

मी दार उघडलं. ते उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. हात पाठीमागे बांधले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, चुकून कशाला लागू नये म्हणून. टोपी काढून तीही त्याच हातात धरली. मी पाला सारखा करणं थांबवलं.

खोलीभर तो आवाज होता. शेकडो पोरी एकाच वेळी पुस्तकाची पानं उलटताहेत, असा.

ते खूप वेळ उभे होते. पापणी हलत नव्हती. मग म्हणाले, "खरंच सांगत होती की." आणि वळून गेले.

त्या वर्षी माझे कोष वस्तीत सगळ्यांत पांढरे नव्हते, पण खोकं भरून निघालं. वाहिद आला, त्यानं हातात घेऊन पाहिले, आणि कुलपाची गोष्ट पुन्हा काढली नाही. सदरा दोन दिवसांनी फाटकाच्या खुंटीला धुऊन लावलेला मिळाला. तुटलेल्या बटणाच्या जागी दुसरं बटण होतं, काळ्या दोऱ्यानं, पुरुषानं शिवल्यासारखं आडवंतिडवं. मी ते उसवलं नाही.

याला सात वर्षं झाली. पंप आता त्यांचा पुतण्या चालवतो. पण तुतीला पालवी फुटली की मी तो सदरा पेटीतून काढून खुंटीला लावते आणि मोठी झोप झाली की अका हमामातून येतात, सदरा घालतात आणि उंबऱ्यावर उभे राहतात. आत या म्हटलं तरी येत नाहीत.

काल आले होते. कान पार गेलेत त्यांचे, सल्तनत-खालांचं ओरडणंही ऐकू येत नाही. त्या म्हणतात, देवानं त्याच्यावर मेहेरबानी केली. हात मागे बांधून, टोपी धरून उभे राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं.

"खातायत?"

मी मान हलवली. "खातायत, अका."

त्यांनीही मान हलवली आणि उभेच राहिले.