कडं नसलेला शनी

परतूरच्या एका जिनिंगवर मी कापूस पारखतो. गाडी समोर आली की कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस उपसल्याशिवाय तोंड उघडत नाही. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा असतो, ओल असते ती तळाला. वीस वर्षांत माणसांकडेही मी तसंच बघायला लागलो. त्याबद्दल मला कुणी शहाणपण शिकवू नये.

माझी गिरिजा दहावीत होती. ती म्हणाली, निजामोद्दीन सरांनी स्वतः काच घासून दुर्बीण केलीय, तिच्यातून तिनं मागच्या हिवाळ्यात शनीचं कडं पाहिलं, आणि आता तिला सायन्स शिकायला जालन्याच्या होस्टेलवर राहायचंय. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्या शनीला आम्ही तेल वाहतो, त्याला म्हणे जमीनच नाही, नुसता वायू! मास्तर पोरीला काहीही पढवतोय. मी म्हणालो, "कडं मला दाखव. दिसलं तर जालना, न्हाई तर विषय बंद."

शहाण्णव साली, संक्रांतीच्या आठवड्यात, दिवेलागणीला आम्ही शाळेच्या गच्चीवर गेलो. मी आधी नळीत हात घातला. आत चित्र चिकटवलेलं नव्हतं. मग डोळा लावला. फिकट पिवळी गोळी, शेजारी बारीक ठिपका.

"तो ठिपका म्हंजे त्याचा चंद्र," सर म्हणाले.

"अन् कडं?"

"यंदा न्हाई दिसणार, कडूबाभाऊ. ताट डोळ्यासमोर आडवं धरलं की नुसती कड दिसती ना, तसं झालंय. चौदा-पंधरा वर्षांनी एकदा होतं असं. पुढच्या हिवाळ्यात बराबर दिसंल. म्या पोरीला सांगितलं होतं, यंदा आणू नको."

"न आणते तर आप्पा म्हणले असते, टाळून राह्यली," गिरिजा पुटपुटली.

मला हसू आलं. चांगला माल कालच संपला, हे बाजारात मी रोज ऐकतो. दोघांचं संगनमत असणार. म्हटलं, तळापर्यंत हात घालूच.

मी पुन्हा डोळा लावला आणि चक्क खोटं बोललो. "अरे, हाय की! बारीक रेघ हाय मधून. बघा, सर."

सरांनी बघितलं. "भास असंल भाऊ. रेघ न्हाई."

"गिरिजे, तू बघ. तुझी नजर चांगली हाय. रेघ हाय ना?"

तिला माझी अट पाठ होती. एक 'हाय' म्हटलं की जालना. ती वाकली. किती तरी वेळ वाकूनच राहिली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आता बोलेल, पोरच आहे ती.

ती सरळ झाली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "न्हाई, आप्पा. काहीच न्हाई."

मला माझीच लाज वाटली. ओला कापूस विकणारा कधी म्हणत नाही की माल नाही. जे गिऱ्हाईक मागतं, तेच तो वर पसरतो. इथं मी स्वतः वर पसरून दिलं होतं, आणि पोरीनं ते उचललं नाही.

जिना उतरताना ती मागे राहिली होती, रडत. मी सरांना विचारलं, "जालन्याच्या कॉलेजाचा फॉर्म कधी निघतो?"

"पण कडं तर दिसलं न्हाई तुम्हाला," सर म्हणाले.

"न्हाई दिसलं," मी म्हणालो. "कधी निघतो?"