कवळी आणि शीळ

ज्याच्याबरोबर सहा वर्षं काढली, त्याने एका दुपारी फोनवर चार वाक्यांत विषय संपवला. बारकी दोन पिशव्या घेऊन मोठ्या बहिणीच्या दारात उभी राहिली. ताईने लगेच अंथरूण घालून दिलं. भाऊजी बिचारे टीव्हीवर प्रेमाचं गाणं लागलं की रिमोट शोधत धावायचे.

बारकी दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायची. हात कामात, मन भलतीकडे. एकदा तिने एकाची वरची आणि दुसऱ्याची खालची कवळी एकाच डबीत भरली. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, रडायचं तर खुशाल रड, पण दात ज्याचे त्याला दे!"

महिनाभराने एक निवृत्त पोस्टमन नव्या कवळीची तक्रार घेऊन थेट मागच्या खोलीत बारकीकडे आले.

"जेवता येतं, बोलता येतं, पण शीळ वाजत नाही."

"शिळेचं एवढं काय, काका?"

"बायको बागेत असली की मी शीळ घालूनच बोलावतो. चाळीस वर्षांत नावाने हाक मारलेली नाही. आता एकदम मारली तर घाबरेल हो!"

जीभ कुठे अडते ते कळायला बारकीला स्वतः शीळ घालून बघावी लागणार होती. कॉलेजात ती झकास शीळ घालायची. पण एकदा रस्त्यात शीळ घातली, तेव्हा आता फोनवर सोडून गेलेल्या त्या माणसाने तिचा दंड घट्ट धरला होता, "लोक बघतायत." ती गप्प झाली, ती कायमचीच. भांडलीसुद्धा नव्हती.

तिने ओठांचा चंबू केला. नुसती हवा निघाली.

"तुमचीही कवळी आहे की काय?" पोस्टमनकाकांनी काळजीने विचारलं.

बारकी खो खो हसत सुटली. हसू आवरल्यावर पुन्हा फुंकर मारली, आणि तिसऱ्या खेपेला शीळ वाजली. आधी बारीक, मग चांगली खणखणीत. शीळ घालताना जीभ पुढच्या दातांमागे टेकत होती, आणि नेमकी तिथेच काकांची कवळी जाड राहिली होती. तिने ती जपून घासली, काकांना लावून पाहिली, परत घासली. अखेर काकांनी अशी शीळ घातली की बाहेरच्या खुर्चीतला पेशंट तोंडात कापूस तसाच धरून बघायला आला.

घरी जाताना तिला रडू आलं. ते त्याच्यासाठी नव्हतं. एवढं सोपं आपण किती सहज सोडून दिलं, याचं होतं.

रात्रीच्या जेवणाला तिने सांगून टाकलं, "ताई, मी खोली बघतेय."

"का? इथे काटे टोचतात?"

"नाही गं. पण सकाळी मला कितीला उठायला आवडतं, भाजीत तिखट किती लागतं, काहीच आठवत नाही. सगळं त्याच्या सोयीनं चालायचं. जरा एकटी राहून बघू दे की."

ताई दोन दिवस फुगून बसली. रविवारी मात्र खोली बघायला तीच पुढे. खिडक्या उघडून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, घरमालकिणीशी घासाघीस केली, आणि जिन्यावरून उतरताना म्हणाली, "उजेड छान आहे. पडदे मी शिवून देते. रंग तेवढा तू सांग."

बारकी पायरीवर थांबली. "थांब, विचार करू दे," ती म्हणाली, आणि खरंच विचार करू लागली.