चामड्यावर चाललेला रंधा

मित्रांनो, सुताराच्या तळहातात मावेल एवढासा लोखंडी रंधा मी. माझं वय विचारू नका. माझा मूळ रंग कोणता होता, हेही आता कुणाला सांगता येणार नाही.

तीस वर्षं मी एका सुताराकडे काम केलं. अडणारं दार असो की रुसलेला खण, मोठे रंधे जिथे पोहोचत नसत तिथे मला बोलावणं येई. मग दार अलगद मिटे आणि लोक सुताराची पाठ थोपटत. माझी तक्रार नाही. दाढी छान झाली म्हणून वस्तऱ्याचे आभार कोण मानतं?

पुढे दुकानात विजेचं यंत्र आलं. सुताराने मला मऊ कापडात गुंडाळून काचेच्या कपाटात ठेवलं. "माझ्या गुरूंचा रंधा आहे. कुणी हात लावायचा नाही," असं त्याने घरच्यांना बजावलं. सहा वर्षं माझा असा मान राखला गेला. माझ्या पात्याला गंज चढला.

दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सुताराची सून चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे करी. घर वरच्या मजल्यावर होतं. जिन्यावरून पडून सासूबाईंचा घोटा मोडला. हाड जुळलं, पण पाय डगमगे. सूनबाईने घोट्याला आधार देणारा पट्टा शिवला, तर त्याची जाड कड कातडीत रुतू लागली. चार महिने सासूबाई खाली उतरल्या नव्हत्या. खोलीत काठी टेकत फिरायच्या आणि कंटाळा आला की तीच काठी जमिनीवर आपटायच्या. खाली आमच्या डोक्यावर ठकठक होई.

सूनबाईने कड पातळ करायला रापी, म्हणजे चामडं तासायची सुरी, चालवली. एका पट्ट्याला भोक पडलं, दुसरा आरपार कापला गेला. तसल्या चामड्याचा एकच तुकडा उरला होता. दुपारी सासरे आडवे झालेले बघून तिने कपाट उघडलं.

मी चामड्याला टेकलो आणि माझी फजिती झाली. चामडं दुमडलं, कडेला ओरखडा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात दारात सुतार उभा.

"काय चाललंय?"

"बाबा, आईंच्या पट्ट्याची कड पातळ करतेय. हा शेवटचा तुकडा आहे."

त्याने मला उचललं. आता परत कपाट, असं मी समजलो. त्याने पात्यावर हलकेच अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा पडला.

"याला धार कुठंय? लाकूड निमूट कापून घेतं. चामडं दबतं, अंग चोरतं. त्याला वस्तऱ्यासारखी धार लागते." मग हळूच म्हणाला, "माझंच चुकलं. नुसता जपत बसलो."

त्याने दगडावर बराच वेळ मला धार लावली. पातं केसभरच बाहेर ठेवलं. फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर चामडं पसरून त्याचं एक टोक घट्ट बांधलं आणि मला सुनेच्या हातात दिलं.

"तुम्हीच करा ना, बाबा. मी दोन पट्टे वाया घालवलेत."

"चामड्यातलं मला काय कळतंय? बांधलेल्या टोकाकडून मोकळ्या टोकाकडे चालव. उलटं ढकललंस की दुमडेल."

ती चालवत गेली. माझ्या तोंडातून मऊ, लोकरीसारखे छिलके निघाले. ओरखडा तेवढा राहिला. तिने पट्टा शिवला आणि वर नेला.

संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजलं. मग दुसरं. सुताराने यंत्र बंद केलं. सासूबाई शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या, स्टुलावर बसल्या आणि दुकानभर नजर फिरवत म्हणाल्या, "काय हो, चार महिन्यांत केवढा हा पसारा!"

सुतार हसला आणि डोळे पुसू लागला. मित्रांनो, मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

आता मी सूनबाईच्या हाताशी, खिळ्याला टांगलेला असतो. एक विनंती करतो. आवडती वस्तू कपाटात ठेवली की ती जपली, असं समजू नका. तिला धार लावा, तेलाचा थेंब द्या आणि कामाला लावा.

काचेच्या कपाटात सध्या सासूबाईंची काठी आहे. तिला मात्र कुणी हात लावू नका.