काना आणि वेलांटी

“फक्त तूच हवास मला.”

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. दाढी अर्धी टाकून, गालावरच्या फेसासकट मी दारात जाऊन उभा राहिलो. “अगं, हा काय, इथेच आहे की मी!”

तिने एक डोळा उघडला. “तुम्हाला नाही हो. प्रार्थना चाललीय माझी.”

मला कळायला हवं होतं. लग्न झाल्यापासून मी ‘अहो’ आहे. तिचं ‘तू’ प्रभूसाठी राखलेलं. मला मात्र देवाला एकेरीत हाक मारणं कधी जमलं नाही. ‘हे परमेश्वरा, आपण कृपावंत आहात,’ अशी माझी सुरुवात. ते ऐकून ही म्हणते, “साहेबांना रजेचा अर्ज देताय का?” छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी सारी हयात गेली. दुसऱ्यांच्या ओळीतला काना, वेलांटी सुधारत राहिलो. स्वतःचं एक वाक्य बोलायचं म्हटलं की अजून चाचरतो, देवापुढेसुद्धा.

त्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या दुपारी ही शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. मी सगळं धाडस गोळा करून विचारलं, “खरं सांग हं. तुला जास्त कोण हवं? मी की देव?”

“देव.” तिने दाताने दोरा तोडला.

“निदान थोडा विचार तरी करायचा!”

“त्यात विचार कसला? तुम्हाला पहिलं ठेवलं असतं ना, तर डॉक्टरांनी ऑपरेशन म्हटल्याबरोबर मीच आडवी झाले असते. आणि देवाची जागा तुम्हाला झेपली असती का? डोक्यावरचा चष्मा सापडत नाही तुम्हाला.”

मी डोक्यावर हात नेला. चष्मा तिथेच होता.

हसलो, पण खट्टू झालो. उद्या मी परत आलोच नाही तर? निदान आजच्यापुरता तरी मला पहिला नंबर हवा होता. माझं तोंड बघून तिने मशीन थांबवलं.

“अहो, तुम्हाला जे देते ना, ते त्याच्याकडूनच तर आणते. माझ्या एकटीचं असतं तर केव्हाच संपलं असतं. तुम्ही काय कमी छळता?”

सकाळी मला स्ट्रेचरवर घालून ऑपरेशनच्या खोलीकडे नेलं. चष्मा काढून घेतला होता, त्यामुळे दारावरची पाटीही वाचता येईना. सुधारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दाराशी उभी असलेली ही नुसता एक पुसट रंग झाली. वाटलं होतं, आता जीव तिच्यासाठी तळमळेल, कपाटातल्या पुस्तकांसाठी तळमळेल, आणखी थोडं जगायला मिळावं म्हणून तळमळेल. ते सगळं आवडत होतंच. पण त्या सगळ्याआधी मला कुणीतरी हवा होता, आणि तो तिथेच होता. ‘आपण’ म्हणायचं राहूनच गेलं.

जाग आली तेव्हा ही उशाशी बसून हसत होती.

“काय बडबडत होतात, ठाऊक आहे?”

“तुझंच नाव घेतलं असेन,” मी कसंबसं म्हणालो.

“‘तूच हवास, तूच हवास.’ नर्स मला म्हणते, बाई, किती जीव आहे हो तुमच्यावर! म्हटलं, माझ्यासाठी असतं तर ‘हवीस’ म्हणाले असते. गुंगीत असले तरी वेलांटी चुकायचे नाहीत ते.”

मी घाबरलो. “राग आला तुला?”

“राग कसला? बरंच झालं की. आता दोघांचाही दुसरा नंबर.”

तिने रुमालाने माझा चष्मा पुसला आणि माझ्या नाकावर तिरकाच बसवला. मग माझा हात हातात घेऊन डोळे मिटले.

“तूच हवास,” तिने सुरुवात केली.

या वेळी मी ओ दिली नाही.