मलमलीची सावली

कारखान्यातल्या सगळ्या कपड्यांचे खिसे मावशीने उसवले होते. आधी पँटचे, मग शर्टांचे, मग कोटांची अस्तरं. उभा जन्म शिवण्यात गेला आणि म्हातारपण उसवण्यात चाललं होतं. पण इलाज नव्हता. खिसा म्हणजे बंद जागा, आणि बंद जागा म्हणजे भाडेकरू.

भाडेकरू हा शब्द कारखान्याच्या ड्रायव्हरचा. त्या अंधाराला काय म्हणावं हे कोणालाच सुचत नव्हतं तेव्हा तो म्हणाला होता, "रिकामी खोली दिसली की येऊन बसतो, आणि एकदा बसला की हलायचं नाव नाही. भाडेकरूच की हा!" लोक हसले होते. लोकांना हसू येत होतं त्या दिवसांतली ती गोष्ट.

भाडेकरू आवाज करत नसे. जिथे उजेड पोचत नाही तिथे तो असे, आणि माणसाचं जे अंग तिथे जाईल ते बधिर होत जाई. दुखत नसे. दुखलं असतं तर माणसाने हात मागे घेतला असता. मावशीचा मुलगा दोऱ्याची रिळं काढायला माळ्यावर चढला तेव्हा डोकं आणि खांदे वर होते, पाय शिडीवर. मावशी खाली शिडी धरून उभी होती. "सापडली का रे?" तिने विचारलं. "सापडली वाटतं," तो वरून म्हणाला, "पण आई, हाताला काही लागतच नाहीये." मग तो काही बोलला नाही. पाय मात्र बराच वेळ शिडीवर नीट उभे होते.

मावशी रडली नाही. रडायचं ठरवून एकदा कोपऱ्यात जाऊन बसलीही, पण काही आलं नाही. उठली आणि राहिलेली अस्तरं उसवायला घेतली.

आता कारखान्यात दहा-बारा माणसं राहत होती. छपरावर पांढरे पारदर्शक पत्रे होते म्हणून ही जागा धरली होती. दिवसभर वरून ऊन उतरे, आणि अंधार पडायच्या आत जनरेटर सुरू करून सगळ्या ट्यूबलाइट लावत. दारं बिजागऱ्यांतून काढली होती, मशिनांचे खण काढून रस्त्यावर फेकले होते, पिंपांना झाकणं नव्हती. डिझेल आणायला ड्रायव्हर भर दुपारी जाई, सावली पायाखाली आली की. ही सगळी शिस्त मास्तरांची. मास्तर म्हणजे कारखान्यातले कटिंग मास्तर, आयुष्यभर कापड बेतून कापलेला माणूस. "झाकलेलं काही आत राहणार नाही," एवढा एकच कायदा त्यांनी केला होता, आणि त्या कायद्यावर सगळे जिवंत होते.

आणि मावशीची सून पोटुशी होती.

पहिले काही महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पोट दिसायला लागलं, आणि लोक तिच्याशी बोलताना तिच्या तोंडाकडे न बघता खाली बघायला लागले. जेवायला बसलं की तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राही. मावशी एका बाजूला बसे. दुसरी तशीच.

त्याला कारणही होतं. रस्त्यापलीकडच्या लाँड्रीत असाच एक घोळका राहत होता. सकाळी तिकडून कोणी चादर हलवी, इकडून कोणी हात हलवी. तिथे एक बाई बाळंतपणाला आली होती. दुसऱ्या दिवशी चादर हलली नाही. ड्रायव्हर बघून आला. सगळे जिथल्या तिथे पडले होते, चेहऱ्यावर काही नाही. कदाचित बाळंतपणाच्या गडबडीत जनरेटरमध्ये डिझेल घालायचं राहिलं असेल. कदाचित दुसरं काही असेल. सांगायला कोणी उरलं नव्हतं.

एका सकाळी मास्तर मावशीच्या मशिनपाशी येऊन उभे राहिले. बाकीचे हळूहळू जमले.

"मावशी, बोलायला जीभ रेटत नाही," मास्तर म्हणाले.

"मग नका बोलू."

"सात महिने झाले. झाकलेली जागा आहे ती. आपल्यात."

"पोट तुम्हालाही आहे, मास्तर. तुमच्या पोटात काय ट्यूबलाइट लावलीय?"

ड्रायव्हर फसकन हसला आणि लगेच गप्प झाला. मास्तर हसले नाहीत. "माझ्या पोटात दुसरं कोणी राहत नाही. तिच्या पोटात जागा झालीय. त्या जागेत लेकरू आहे का दुसरं काही, हे तुम्ही तरी छातीवर हात ठेवून सांगाल का?"

सून तिथेच बसून बटणं निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लाथ मारतं ते. भाडेकरू लाथ मारतो का?"

 सुनेला बाहेर पाठवायचं हे सगळ्यांच्या मनात ठरत आलं होतं आणि ते मावशीला दिसत होतं. दुपारी पाठवतील, ऊन असताना. सोबत पाणी देतील, टॉर्चही देतील. कोणी वाईट नव्हतं. संध्याकाळ झाली की सून एकटी रस्त्यावर असेल, एवढंच.

तेव्हा कंपाउंडर बोलला, पूर्वी दवाखान्यात कामाला असलेला. तो बोलायचाच कमी. "लहान बाळांची शीर सापडली नाही की आम्ही तळव्याखाली टॉर्च धरायचो. सगळा हात लाल दिसतो. अंगाच्या आत अंधार नसतो, मास्तर. उजेड लावला तर लाल असतं."

मास्तरांनी विचार केला. "मग लावा पोटाला. लाल दिसलं तर राहील इथेच. काळं दिसलं..." 

टॉर्च आणली. सुनेने पदर बाजूला केला, कंपाउंडरने काच पोटाला टेकवली. पण छपरातून एवढं ऊन येत होतं की टॉर्च पेटली आहे का विझली आहे हेच कळेना. सगळे वाकून बघत राहिले. लाल नाही, काळं नाही, नुसतं पोट.

"सूर्यासमोर काजवा," ड्रायव्हर म्हणाला. "हे बघायचं तर अंधार करावा लागेल."

हे ऐकून दोघे-तिघे मागे सरकले. एवढ्या दिवसांत कोणी मुद्दाम सावली केली नव्हती.

"मी करते सावली," मावशी म्हणाली.

ती उठली आणि मलमलीचा तागा घेऊन आली. शिंप्याच्या घरात वाढलेल्या बाईला कापड उजेडात धरून बघायची सवय असते, एका पदरातून किती दिसतं, दोन पदरांतून किती. अंधार एकदम करायचा नव्हता, पदरापदराने करायचा होता. दोन खांबांना दोरी बांधली, टॉर्च हातात देऊन सुनेला कटिंगच्या टेबलावर बसवलं आणि दोरीवरून मलमलीचा पहिला पदर तिच्या भोवती सोडला. मागची सगळी टोकं चुण्या घालून एकत्र केली. ड्रायव्हर म्हणाला गाठ मारा, पण मावशीने मारली नाही. काही झालंच तर गाठ सुटायला वेळ लागतो. हातात धरलेलं, सोडलं की पडतं. तिने चुण्या उजव्या मुठीत धरल्या आणि डाव्या हाताने दुसरा पदर टाकला.

"दिसतं का काही, पोरी?"

"नाही, आई."

तिसरा पदर. चौथा. आत सुनेचा चेहरा दुधात राख कालवल्यासारखा झाला. पाचव्या पदराला ती म्हणाली, "आता टॉर्चचा उजेड दिसतोय. पोट मला वरून नीट दिसत नाही. तुम्हीच बघा."

"मास्तरांनी बघायचं," मावशी म्हणाली. "मी बघितलं तर उद्या कोण मानेल?"

मास्तरांनी कपाळ पुसलं. मलमल उचलून त्यांनी कमरेपर्यंतचं अंग आत घातलं. बाहेर त्यांचे पाय तेवढे राहिले.

मावशीच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती, आणि ती उभं आयुष्य शिवणाऱ्या बाईच्या ध्यानातून जायला नको होती. कापडाला पाच पदर होते, पण चुण्या घातल्या त्या ठिकाणी पाचाचे पन्नास झाले होते. आतल्या सावलीचा हिशेब तिने केला. मुठीतल्या सावलीचा केला नाही. आणि बोटं तिची त्या चुण्यांत खोल रुतलेली होती.

करंगळीला कापड लागेनासं झालं.

दुखलं नाही. गार लागलं नाही. करंगळी होती तिथे नुसतं काही नव्हतं. मग शेजारचं बोट. मावशीला कळलं. एवढा वेळ भाडेकरू बाहेर होता, आता तो तिच्या मुठीत राहायला आला होता.

सोडायचं म्हटलं असतं तर तेव्हा सोडता आलं असतं. मूठ उघडली की कापड खाली, वरून ऊन, आणि सगळं संपलं. पण मास्तर आत होते. कापड पडलं आणि मावशीने गेलेली बोटं दाखवली की कोणी चुण्यांचा विचार करणार नव्हतं. म्हणाले असते, बघा, पोटातून आला. म्हणाले असते, लाँड्रीत हेच झालं. आणि संध्याकाळच्या आत सून रस्त्यावर.

म्हणून ती उभी राहिली. मधलं बोट गेलं. ती आपल्या हाताकडे बघत होती जसं दुसऱ्याच्या हाताकडे बघावं. भीती वाटते का, हे तिने मनात चाचपून बघितलं. वाटत नव्हती. घाई मात्र होती.

"मास्तर," ड्रायव्हर म्हणाला, "झोपलात का आत?"

 मास्तरांचे पाय जमिनीवर नीट उभे होते. मावशी त्या पायांकडे बघत राहिली. असे नीट उभे पाय तिने पाहिले होते. आता अंगठ्याजवळचं बोटही जड व्हायला लागलं होतं.

"लाल," आतून मास्तरांचा आवाज आला. "लाल आहे. सगळं लाल आहे."

मावशीने मूठ सोडायचा प्रयत्न केला. मूठ सुटेना. तिने डाव्या हाताने उजवा हात चुण्यांतून ओढून काढला, आणि मलमल पाचही पदर एकदम खाली आली. टेबलावर सून ऊन डोळ्यांत गेल्यामुळे डोळे चोळत बसली होती. लोकांनी श्वास सोडला. कोणी तरी सुनेला पाणी दिलं, हाताला हात लागू देऊन दिलं. मावशीने ते बघितलं.

ती पाठ करून खिडकीपाशी गेली तेव्हा कंपाउंडर मागोमाग आला. तीन बोटं राखेच्या रंगाची झाली होती, अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट वाचले होते. त्याने बोटं दाबून बघितली, टाचणी टोचून बघितली.

"पोटाचा संबंध नाही," मावशी म्हणाली. "चुण्यांत गेली. माझी चूक."

"ते मला कळलं." त्याने मागे वळून लोकांकडे बघितलं. "काढावी लागतील, मावशी. एक-दोन दिवसांत. तोवर विचारलं कोणी तर मशिनवर बसून नस धरलीय म्हणून सांगू."

"सांगा."

पण सुनेपासून काय लपतं! तिने हात हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि ती रडायला लागली. तोंड दाबून, आवाज न करता, खांदे हलवत. एवढ्या दिवसांत कारखान्यात कोणी रडलेलं मावशीने पाहिलं नव्हतं. तिला सुनेचा हेवा वाटल्यासारखं झालं.

"रडू नको गं. लाल दिसलं ना."

"खरंच दिसलं का, आई?"

"मास्तर खोटं कशाला बोलतील?"

दुपार उतरायच्या आत मास्तर आले. सून बाहेरच्या उन्हात पाय मोकळे करत होती. ते मावशीच्या मशिनसमोरच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ खडूने बोटं पांढरी करत राहिले.

"तुमच्या हाताचं मला कळलं," ते म्हणाले. "कंपाउंडरच्या तोंडावरून कळलं."

"मग?"

"मग एक सांगायचंय. आत डोकं घातलं आणि मी डोळे मिटले. उघडायची छातीच झाली नाही, मावशी. टॉर्च पोटाला तिरपी टेकलेली, तिचा उजेड सरळ माझ्या तोंडावर होता. मिटल्या डोळ्यांना सगळं लाल दिसलं. तेच बोललो." त्यांनी खडू खाली ठेवला. "पोट मी पाहिलंच नाही."

 मावशीने राग येतो का बघितलं. आला नाही. तीन बोटं गेली होती ती एका मिटल्या डोळ्यांच्या माणसापायी, हे तिला समजत होतं, पण ते समजणं दूर कुठेतरी होतं, शेजारच्या घरातल्या भांडणासारखं. सुनेच्या पोटात काय आहे हे आता कोणालाच माहीत नव्हतं. सकाळीही माहीत नव्हतं.

"लोकांना सांगणार?" तिने विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही म्हणालात तर आत्ता सांगतो."

"आणि मग पुन्हा बघायचं? पुन्हा सावली करायची?"

मास्तरांनी तिच्या हाताकडे बघितलं आणि नजर वळवली.

"मास्तर, तुमची मोठी कात्री आणा," मावशी म्हणाली. "मला आता कात्री धरता यायची नाही. मलमल पडलीय तिकडे. झबली कापून द्या, दोन-तीन तरी. डाव्या हाताने सुई चालवायला मी शिकेन, पण कापायचं तुम्हालाच लागेल."

 मास्तर उठले, मलमल गोळा करून आणली, टेबलावर पसरली, तळव्याने सुरकुत्या काढल्या. 

"माप?" त्यांनी विचारलं.

मावशीने डावा हात पुढे केला, आणि कोपरापासून मनगटापर्यंत नजरेने दाखवलं. "एवढं असेल."

मास्तरांनी खडूने रेघ ओढली. कात्री उघडून ते थांबले.

"वाढत्या अंगाचं कापू?"

बाहेरून सुनेच्या चपलांचा आवाज येत होता. मावशीने तो थोडा वेळ ऐकला.

"कापा," ती म्हणाली.