वरचा अर्धा कागद

मित्रांनो, माझं वजन फार आहे, म्हणून मला सहसा कुणी हलवत नाही. मी जुना इंग्रजी टाइपरायटर. सध्या बुलढाण्यात एका घरातल्या लोखंडी कपाटावर असतो. अंगावर जुन्या साडीचं फडकं आहे. घरातली मुलं कधी खुर्चीवर चढून फडकं उचलतात, माझी दोन-चार बटणं दाबतात आणि उतरून जातात. त्यांना आणि तुम्हालाही माझी हकीकत सांगतो.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. लोखंड तापलं, ठोकलं गेलं, बारीक दांड्यांच्या टोकांवर अक्षरं बसवली गेली. तेव्हा काय वाटलं, असं मुलं विचारतात. काही वाटलं नाही. मग जहाजाने मुंबई आणि मालगाडीने वऱ्हाड. खामगावच्या एका जिनिंग कंपनीच्या ऑफिसात मला सागवानी टेबलावर ठेवलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम माझ्यावर उमटलेला कागद दाखवायचा. कापसाच्या गाठी, त्यांचे भाव, रेल्वेकडच्या तक्रारी, सगळं माझ्यावर उमटलं. पत्रांच्या डोक्यावर आधी मध्य प्रदेश यायचं, मग मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र. गाव तेच होतं आणि टेबलही तेच.

माझ्यावर टाइप करणाऱ्याचं नाव शालिग्राम. मॅट्रिक झालेला, अंगाने किरकोळ, कमी बोलणारा माणूस. त्याला एक सवय होती. समोरचा कागद तो वाचत नसे. नजर अक्षरांवरून जायची, मजकुरावर थांबायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "वाचलं का हात चुकते."

पुढे कंपनीचं काम मंदावलं. माणसं कमी करायचं ठरलं. एका दुपारी शालिग्राम नोटिसा टाइप करत बसला. मजकूर एकच होता, फक्त नावं बदलायची. शेवटच्या नोटिशीवर त्याचं स्वतःचंच नाव होतं. मला वाटलं, आता हात थांबेल. तो थांबला नाही. त्याने कागद ओढून काढला, इतर नोटिसांवर ठेवला, गठ्ठा साहेबाच्या सहीला दिला आणि आपला डबा घेऊन घरी गेला. त्याची बायको मंजुळाबाई पुढे कितीदा तरी सांगायची, की पुष्कळ दिवस त्याने घरी काही सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि कुठेतरी बसून परत यायचा.

कंपनीने जुनं सामान काढलं तेव्हा मी त्याच्याकडे आलो. कोर्टासमोर एक अरुंद खोली घेऊन त्याने मला दाराजवळ मांडलं. लोक अर्ज घेऊन यायचे. नोकरीचा अर्ज असला की शालिग्रामचा साचा ठरलेला होता. मी गरीब आहे, मला कुणाचा आधार नाही, हुजुरांनी दया करावी, आपला आज्ञाधारक सेवक. तलाठ्याच्या भाच्यालाही हाच साचा आणि विधवेच्या मुलालाही हाच. लोक समाधानाने जायचे. शालिग्रामला कुणाबद्दल काही वाटत असे, असं मला तरी दिसलं नाही. आम्ही दोघंही सारखेच झालो होतो.

त्याला एकच मुलगा होता, तुळशीराम. खामगावातच बी.कॉम.च्या वर्गात होता, हुशार आणि मोकळ्या मनाचा. एका फाल्गुनात त्याने बातमी आणली. मुंबईच्या एका मोठ्या बँकेने कॉलेजला कळवलं होतं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत एक विद्यार्थी शिकाऊ म्हणून मुंबईला घेऊ. कर्ज कसं देतात, पैसा कुठे गुंतवतात, हे कामाला बसवून शिकवू. काम पसंत पडलं तर परीक्षेनंतर नोकरीचा विचार होईल. जागा एकच होती आणि सगळ्या वर्गाला ती हवी होती.

त्या दिवशी मी शालिग्रामला पहिल्यांदा जागं झालेलं पाहिलं. जिनिंगच्या ऑफिसात साहेब अर्ज कसे निवडतो, हे त्याने अनेक वर्षं पाहिलं होतं. साहेब कागदाचा वरचा अर्धा वाचायचा आणि खालच्या अर्ध्यावर चहाची बशी ठेवायचा. म्हणून जे सांगण्यासारखं आहे ते वर आलं पाहिजे, असं त्याने तुळशीरामला समजावलं. साचा बाजूला ठेवला. मुलाने लिहून आणलेलं "अत्यंत हुशार व प्रामाणिक" खोडून टाकलं आणि म्हणाला, "हे साहेबानं म्हणावं. आपण नाही." हिशोबाची आवड आहे, हेही खोडलं. आवड कुणालाही असते, तू काय केलं ते सांग, म्हणाला. तुळशीरामने कॉलेजच्या ग्राहक भांडारातल्या मालाची मोजदाद केली होती. ती ओळ वर आली. गणिताचं बक्षीस तिच्याखाली गेलं. गावाचं वर्णन, देवाचे आभार, दयेची विनंती, सगळं गेलं. शेवटी मंजुळाबाईने हात धुऊन तो कागद उजेडात धरला. तिला इंग्रजी येत नव्हतं. पण कागद सुरेख दिसतो, असं ती म्हणाली.

अर्ज द्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी तुळशीराम एका मुलीला दुकानात घेऊन आला. वर्गात ती एकटीच मुलगी होती. सत्यभामा तिचं नाव. उंद्री गावच्या भाजीवाल्या घरातली, खामगावात मावशीकडे राहून शिकत होती. वडील उकंडराव माघात वारले होते. तुळशीरामने सांगितलं, की हिचाही अर्ज टाइप करून द्या, मी चहा सांगून येतो. आणि तो बाहेर गेला.

तिने आणलेला कागद म्हणजे शालिग्रामचाच साचा होता, कुणाच्या तरी जुन्या अर्जावरून उतरवलेला. वडील नुकतेच वारले, घरी आई एकटी, दया करावी. शालिग्राम नेहमीप्रमाणे न वाचता टाइप करू लागला. मुलगी स्टुलावर ताठ बसून होती. अर्ध्या कागदावर आल्यावर ती म्हणाली, "काकाजी, बाबा वारल्याचं वर घ्यान काय? मॅट्रिकचे मार्क कमी आहेत, ते खाली राहू द्या."

आवाजात काही नव्हतं. ना रडू, ना लाज. वांगी आणि गवार वेगळी करावी तसं तिने ते सांगितलं. शालिग्रामचे हात थांबले. स्वतःच्या नोटिशीला न थांबलेले ते हात मी चांगले ओळखत होतो. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग कागद पहिल्यापासून वाचला.

"तू काय केलं हे कुठं आहे याच्यात?" त्याने विचारलं.

काही केलं नाही, ती म्हणाली. घरचं काम आणि कॉलेज. मग बाजाराच्या दिवशी काय करतेस, असं त्याने विचारलं. त्यावर ती थांबत थांबत सांगू लागली. उंद्रीच्या भाजी विकणाऱ्या बाया आपली शिल्लक गावातल्या एका दुकानदाराकडे ठेवायच्या. तो एके दिवशी दुकानाला कुलूप लावून पैशांसकट निघून गेला. त्यानंतर बाया पैसे चुलीमागे पुरायला लागल्या. उकंडरावांनी लेकीला म्हटलं, की तू शिकून राह्यली, तर यांचं काही कर. म्हणून बाजाराच्या दिवशी गावी जाऊन ती त्यांना पोस्टात नेऊ लागली. त्यांची बचत खाती काढून दिली. तानुबाई म्हणून एक म्हातारी होती, ती कशालाच बधेना. सत्यभामाने तिला सांगितलं, आज पैसे ठेव आणि पुढच्या बाजारी सगळे काढून घे. तानुबाईने काढले, पोस्टाच्या ओट्यावर बसून मोजले, पुन्हा आत जाऊन भरले. असं तिने बरेच बाजार केलं. पोस्टमास्तर वैतागला, पण सत्यभामा दर वेळी तिच्यासोबत रांगेत उभी राहिली. मग एका बाजारी म्हातारी पैसे काढायला आलीच नाही, तिने ते तिथेच राहू दिले. ते पाहून बाकीच्या बाया आल्या. आता गावातल्या बहुतेक भाजीवाल्या बायांची खाती पोस्टात होती.

"हे कायले लिहायचं?" सत्यभामा म्हणाली. "हे तं गावचं काम."

तुळशीराम केव्हाच परत आला होता आणि दारात चहाचे कप घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. शालिग्रामने मुलाकडे पाहिलं. माझ्यात तो अर्धा कागद तसाच अडकलेला होता. तो पुरा करून द्यायला काहीच लागलं नसतं. मुलगी स्वतः तोच मागत होती.

शालिग्रामने कागद काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि नवा लावला. तानुबाईची हकीकत वरच्या अर्ध्यात आली, मोजक्या शब्दांत. कुणाचा विश्वास उडाला होता, हिने काय केलं, काय झालं. मार्क जसे होते तसे खाली गेले. सत्यभामाने वाचून पाहिलं आणि विचारलं, "बाबाचं नाही लिहिलं?"

"बाबाचं नाव तुह्या नावात आहेच," शालिग्राम म्हणाला. "मरण कायले लिहायचं?"

तुळशीरामनेही तो कागद वाचला. चांगला झाला, इतकंच म्हणाला. चहा गार झाला होता. तिघांनी तो तसाच घेतला.

जागा सत्यभामाला मिळाली. तुळशीरामने दुकानात येऊन ते सांगितलं, पावसापाण्याची गोष्ट सांगावी तसं. शालिग्रामने हो म्हटलं आणि हातातला अर्ज पुरा केला. त्या उन्हाळ्यात बापलेक एकमेकांशी जेवणापुरतं बोलायचे. मंजुळाबाईने एकदा विचारलं, की भांडण झालं काय. दोघांनीही नाही म्हटलं आणि ते खरंच होतं. कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं. दुखत होतं असंही नाही. हात बधिर झाल्यावर चिमटा घेतला तरी कळत नाही, तसं ते घर झालं होतं.

शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या वेळी सत्यभामा परत आली. मावशीच्या घरी जाण्याआधी दुकानात आली. शालिग्रामने मुंबईची चौकशी केली. काम होतं, केलं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "पयल्या दिवशी साहेबानं विचारलं, तानुबाई कोण? मंग मी सांगत गेली. बाबाबद्दल तिथं कोणीच विचारलं नाही, काकाजी. मले बरं वाटलं. उंद्रीले घरी आली अन् मंग रडू आलं."

ती गेल्यावर तुळशीराम स्टुलावर येऊन बसला. माझ्या शाईच्या फितीशी चाळा करत राहिला.

"बाबा, तुमी तिचा तो पयला कागद तसाच पुरा केला असता तं?"

"तं तू मुंबईले गेला असता."

"मग काऊन नाही केला?"

शालिग्राम म्हणाला, "वाचला नं मी तो."

तुळशीरामने मान हलवली. तो रागावला नाही, त्याला हायसंही वाटलं नाही. उठून चहाचे कप विसळायला घेऊन गेला. परीक्षा झाल्यावर त्याला बुलढाण्याला जिल्हा परिषदेत कारकुनी मिळाली आणि तो तिकडे राहायला गेला. सत्यभामाला बँकेने पुढे ठेवून घेतलं, असं कानावर आलं.

मित्रांनो, त्यानंतर शालिग्रामचं दुकान नीट चाललं नाही. तो आता प्रत्येक कागद वाचायचा. वाचून प्रश्न विचारायचा. शेताचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला अर्धा तास बसवून ठेवायचा आणि कधी त्याचं म्हणणं ऐकता ऐकता टाइप करायचंच राहून जायचं. लोकांना घाई असते. समोर दुसरा टायपिस्ट बसला, त्याच्याकडे नवं मशीन होतं आणि तो काही विचारत नसे. गिऱ्हाईक तिकडे गेलं. माझी फीत वाळली, दांड्यांवर गंज आला. शालिग्राम मात्र रोज दुकान उघडायचा. हात चुकायला लागले होते, पण त्याचं त्याला काही वाटत नसे. तो वारला तेव्हा तुळशीरामने दुकानातलं बाकी सामान देऊन टाकलं आणि मला एस.टी.च्या टपावर बांधून इथे आणलं. माझ्यावर तो काही टाइप करत नाही. मी कपाटावर का आहे, हे त्याने मुलांना सांगितलेलं नाही.

मला तेल घातलं तर चांगलंच आहे, नाही घातलं तरी माझी तक्रार नाही. फडकं टाकताना फक्त जरा बटणं सांभाळा. मागणं दुसरंच आहे. मोठे झालात की तुमच्यापुढेही कागद येतील, कुणाचा अर्ज, कुणाचं गाऱ्हाणं. तो माणूस स्वतःबद्दल फार थोडं लिहून आणेल, आणि तेही चुकीचं. त्याला बसायला सांगा. तू काय केलंस, असं विचारा. आणि तो बोलायला लागेपर्यंत कागदाला हात लावू नका.